पानांची देवघेव

आज आश्विन शुद्ध दशमी. ऊन कलले, की दारावरच्या झेंडूच्या तोरणाखालून मुले आत येतील, देवापुढे दोन पाने ठेवतील, मग घरातल्या थोरांच्या हातावर आपट्याचे पान ठेवून वाकतील आणि म्हणतील, ‘सोने घ्या, सोन्यासारखे राहा.’ थोरांचा एक हात त्यांच्या डोक्यावर जाईल आणि दुसऱ्या हाताने तसेच एक पान त्यांच्या ओंजळीत परत येईल. उद्या सकाळी हे पान सुकलेले असेल, बाजारात त्याला काही मोल नसेल. पण आजच्या संध्याकाळी ते सोने असते, कारण ते एका हातातून दुसऱ्या हातात जाते. हा व्यवहार आपण लहानपणापासून इतक्या सहजपणे करत आलो आहोत, की त्यात केवढे शहाणपण साठवले आहे हे मुद्दाम थांबून पाहावे, असे आपल्या मनात येत नाही.

आपट्याचे पान तळहातावर ठेवून पाहावे. मधोमध शीर, तिच्या दोन अंगांना सारखी दोन दळे, किंचित मिटलेली, नुकत्याच उघडलेल्या चिमुकल्या पोथीसारखी. झाडाचे ते पान आणि पुस्तकाचेही ते पानच. आपल्या भाषेने या दोन्ही गोष्टींना एकाच नावाने हाक मारली आहे. म्हणून दसऱ्याच्या दिवशी पुस्तकांविषयी बोलावेसे वाटले, तर ते अवेळी ठरू नये. शिवाय हे दिवसही वाचनाचेच आहेत. १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो आणि तो दसऱ्याच्या मागेपुढेच येतो. त्यानंतर दिवाळी अंकांची चाहूल लागते. ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी अंक हवाच, अशी आपली रीत पडली आहे. एक अंक पाच घरांत फिरावा आणि पाडव्यापर्यंत त्याचे मुखपृष्ठ निखळून पडावे, हा त्या रीतीचाच भाग.

सोने लुटण्यामागची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. वरतंतू ऋषींच्या आश्रमात चौदा विद्या शिकून कौत्स निघाला, तेव्हा गुरूंना दक्षिणा नको होती. शिष्याने फार आग्रह धरला, तेव्हा त्यांनी चौदा विद्यांसाठी चौदा कोटी सुवर्णमुद्रा मागितल्या. कौत्स रघुराजाकडे गेला. विश्वजित यज्ञात सर्वस्व देऊन बसलेल्या राजाचे भांडार रिकामे होते. मग कुबेराने रात्रीतून सोन्याचा वर्षाव केला, आणि लोककथा सांगते, की तो आपट्याच्या झाडावर झाला. पण या कथेचा प्राण वर्षावात नाही, तो पुढे आहे. कौत्साने गुरूला देण्यापुरत्या मुद्रा मोजून घेतल्या आणि हात मागे घेतला. दिलेले परत घेणे रघूलाही मान्य होईना. उरले ते लोकांचे झाले. विद्येच्या निमित्ताने आलेले धन एकाच्या घरी साठले नाही, गावभर झाले. आपण दरवर्षी लुटतो ते हे उरलेले सोने.

वाचणाऱ्याला या कथेचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. एखादे पुस्तक आपण वाचतो, आपल्या गरजेपुरते त्यातून घेतो, कधी धीर, कधी माहिती, कधी नुसता आनंद. आणि शेवटचे पान मिटताना जाणवते, की आपण घेतले त्याहून कितीतरी अधिक त्यात शिल्लक आहे. ते शिल्लक आपले नव्हे. ‘हे तू वाच’ असे कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही, ती ओढ त्या शिल्लक सोन्याची असते. भरल्या मनाने घरी आलेला वाचक दुसऱ्याला शोधतो. शेजारी, मित्र, गाडीतला रोजचा सोबती, लांबच्या गावी राहणारी बहीण, कुणीतरी हवेच असते. वाचन एकट्याने होते हे खरे; पण ते एकट्यापाशी संपत नाही.

आपली परंपराही हेच सांगते. चातुर्मासात देवळात पोथी लागे, तेव्हा वाचणारा एक आणि ऐकणारे गावभरचे असत. ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’, ‘शिवलीलामृत’ ही नावे कितीतरी निरक्षर माणसांच्या ओठांवर होती, ती अशा सामुदायिक वाचनामुळेच. अध्याय संपला, की लोक लगेच उठत नसत. कुणी शंका काढी, कुणी आपल्या अनुभवाचा दाखला देई, कुणी म्हातारी डोळे पुसत म्हणे, असेच असते बाई संसारात. आज आपण ज्याला पुस्तकावरचे मत म्हणतो, त्याचे घरगुती रूप देवळाच्या त्या ओसरीवर शतकानुशतके नांदत होते.

मग छापखाने आले, वाचनालये आली. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे. ही वाचकांच्या वर्गणीवर चाललेली घरे. तिथल्या लाकडी कपाटांसमोर आपल्यापैकी अनेकांचे बालपण गेले. कोणते पुस्तक घ्यावे हे तेव्हा कसे ठरे? शेवटच्या पानावर चिकटवलेल्या चिठ्ठीवरच्या तारखा पाहून. शिक्के दाटीवाटीने पडलेले असले, की पुस्तक हातोहात जाते आहे हे कळे. समासात कुणीतरी पेन्सिलीने ‘अप्रतिम’ लिहिलेले असे, त्याखाली दुसऱ्या अक्षरात ‘मला नाही वाटत’, आणि त्या दोन अनोळखी माणसांच्या वादात तिसरे आपण ओढले जात असू. पुस्तकावर लिहू नये ही शिस्त खरीच. तरी ती पेन्सिलीची अक्षरे सोबतीसारखी वाटत. आणि टेबलामागे बसलेले ग्रंथपाल! मागितलेले पुस्तक बाहेर गेले असले, की ते चष्म्यावरून आपल्याकडे एकवार पाहत, उठून आतल्या कपाटाकडे जात आणि वेगळेच पुस्तक पुढे ठेवून म्हणत, ‘हे ने. आवडले नाही तर उद्या बदलून दे.’ त्या उद्याच्या भरवशावर कितीतरी वाचक घडले. रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हा त्यांतला गाभा. गावोगावच्या अशा माणसांनी तो नियम न वाचताही पाळला.

एका माणसाने वाचून दुसऱ्यांना सांगितले म्हणून मराठीला केवढे धन मिळाले, याचे उदाहरण शोधायला दूर जायला नको. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर, चुलीपाशी त्यांना सुचलेली गाणी मुलगा सोपानदेव आणि आप्त यांनी वहीत उतरवून ठेवली होती. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. पुढे ती वही सोपानदेवांनी संकोचत आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्र्यांना त्या ओळींत अस्सल सोने दिसले आणि ते महाराष्ट्रापासून लपवून ठेवणे हा अपराध होईल, असे त्यांनी आवेगाने सांगितले. १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. वही घरात पडूनच होती. सोने तर तिच्यात आधीपासूनच होते. पण वाचून ज्याला गप्प बसवले नाही, असा एक वाचक भेटेपर्यंत ते सोने फांदीवरचे पानच होते. आज चौथीतल्या मुलालाही बहिणाबाई ठाऊक आहेत, यामागे त्यांची प्रतिभा आहे, मुलाचे प्रेम आहे आणि एका वाचकाची न आवरणारी शिफारसही आहे.

दसऱ्याचा दुसरा विधी सीमोल्लंघनाचा. वेस ओलांडायची, शमीची पूजा करायची आणि मग सोने घेऊन घरी परतायचे. आधी वेस, मग सोने, हा क्रमही विचार करण्यासारखा आहे. १९७०च्या दशकाच्या मध्यात ‘ग्रंथाली’ने वाचक चळवळ म्हणून काम सुरू केले, तेव्हा मराठी वाचकांनी अशी एक वेस ओलांडली. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आणि लक्ष्मण मान्यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये याच चळवळीतून आले. गावकुसाबाहेरचे जगणे, पालावरचे जगणे प्रथमच इतक्या थेटपणे सुखवस्तू घरांतल्या टेबलांवर येऊन बसले. ती पुस्तके वाचून अनेकांची झोप उडाली. काहींनी मान फिरवली, काही अस्वस्थ होऊन वादात उतरले, आणि अनेकांनी ती आपल्या माणसांच्या हातात ठेवून सांगितले, की हे आपल्याला माहीत असायला हवे होते. आवडीच्या शिफारशीपलीकडची ही शिफारस. जे वाचून आपल्याला सुख झाले ते सांगणे सोपे. जे वाचून आपली मान खाली गेली ते सांगायला धैर्य लागते. सीमोल्लंघन म्हणतात ते हेच.

वाचकाच्या शब्दाला मान देण्याची रीतही आपल्याकडे जुनी आहे. १९६४ पासून निघणाऱ्या ‘ललित’ मासिकाने ‘चोखंदळ वाचकांची निवड’ सुरू केली आणि वर्षभरातली लक्षणीय पुस्तके कोणती, हे सांगण्याचा अधिकार वाचकांच्या हाती दिला. चोखंदळ हा शब्द किती नेमका! तो निवडून घेणारा आहे, पण नाक मुरडणारा नाही. जोंधळे पाखडताना खडा बाजूला काढणाऱ्या बाईच्या बोटांत असते ती नजर त्या शब्दात आहे. कोंड्याबरोबर दाणा जाऊ नये आणि दाण्याबरोबर खडा येऊ नये.

ही नजर आज आपल्यापाशी किती उरली आहे, याचा हिशेब दसऱ्याच्या दिवशी करायला हवा. शस्त्रे, अवजारे पुसून पूजेला मांडण्याचा हा सण. वाचकाचे अवजार म्हणजे त्याचे मत. पुस्तकांची नावे आज वाऱ्यासारखी येतात. हातातल्या फोनवर रोज मुखपृष्ठे झळकतात, वर्षात वाचलेल्या शंभरांच्या याद्या येतात, ‘वाचलेच पाहिजे’ असे बजावणारे निरोप येतात. उत्साहाचे स्वागतच आहे. गावात वाचनालय नसलेल्या मुलीलाही आता परगावच्या वाचकाकडून पुस्तकाचे नाव कळते आणि परदेशात स्थिरावलेल्या मराठी घरात कुणीतरी सांगितलेले पुस्तक पोचते, हे भाग्य आधीच्या पिढ्यांना नव्हते. पण या गर्दीत एक गोष्ट हळूच निसटते आहे. न वाचलेल्या पुस्तकाची स्तुती होते. दुसऱ्याचे चार शब्द उचलून आपले म्हणून पुढे ढकलले जातात. पु. ल. देशपांड्यांनी किंवा व. पु. काळ्यांनी कधीच न लिहिलेले उतारे त्यांच्या नावावर फिरत राहतात, आणि प्रेमापोटी आपणही ते पुढे पाठवतो.

अशा वेळी एकनाथ महाराजांची आठवण होते. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत काळाच्या ओघात पाठभेद शिरले होते, कुणीकुणी आपल्या ओव्या घातल्या होत्या. नाथांनी प्रती मिळवून, ताडून, शके १५०६ म्हणजे १५८४ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली. स्वतः एवढे समर्थ कवी असूनही त्यांनी त्यात आपले काही मिसळले नाही, आणि पुढच्यांनीही मिसळू नये अशी कळकळीची सूचना लिहून ठेवली. भाद्रपद वद्य षष्ठीला आपण ज्ञानेश्वरी जयंती साजरी करतो, ती या शुद्धीच्या स्मरणार्थ. ग्रंथ लिहिला गेला त्या दिवसाइतकाच तो निर्मळ होऊन पुढच्या हाती गेला तो दिवस आपण सणाचा मानला, ही मराठी मनाची थोरवी आहे. आपल्याकडून नाथांच्या कामाची अपेक्षा कुणी करत नाही. पण जे नाव पुढे सांगायचे ते वाचून सांगावे, जो उतारा द्यायचा तो पुस्तकात पाहून द्यावा, एवढे तर आपल्या हाती आहे.

आणि आवडले नाही, तर तेही सांगावे. कुणाला वाईट वाटू नये म्हणून सगळ्यालाच उत्तम म्हणत राहिलो, तर आपल्या उत्तम या शब्दाचा कस जातो. कुठे मन रमले नाही, कोणते पात्र खरे वाटले नाही, कुठे लेखकाने घाई केली, हे नीट सांगता येते. त्यात लेखकाचा अवमान नाही. मनापासून वाचल्याची ती पावती आहे. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ मध्ये आली. घराघरांत वडिलांना ती पटेना आणि मुलाला तिच्यावाचून करमेना, अशा पैजेच्या चर्चा झाल्या, आणि त्या मतभेदांतूनच ती कादंबरी पिढ्यांच्या बोलण्यात राहिली. एकमताने पुस्तके मखरात बसतात, मतभेदांनी ती घरात वावरतात.

पण सगळ्यांत महत्त्वाचे आहे ते परतीचे पान. दसऱ्याला कुणी सोने दिले आणि आपण ते घेऊन नुसते खिशात टाकले, असे कधी होत नाही. आपणही त्याच्या हातावर सोने ठेवतो. पुस्तकांच्या बाबतीत मात्र आपण ही रीत विसरत चाललो आहोत. कुणी आवर्जून एक नाव सांगते, आपण ‘नक्की वाचतो’ म्हणतो, नाव कुठेतरी टिपून ठेवतो आणि तिथेच ते राहते. कुणी स्वतःची प्रत देते, ती आपल्या फडताळात वर्षानुवर्षे पडून राहते. देणारा भिडेपोटी विचारत नाही. तसे पाहता, त्याला पुस्तक परत हवे असते त्याहून अधिक आपले दोन शब्द हवे असतात. तुझ्याप्रमाणे मीही त्या पानापाशी थांबलो. किंवा, तुला जे दिसले ते मला दिसले नाही, पुन्हा वाचून पाहतो. एवढे जरी त्याच्याकडे पोचले, तरी शिफारस पुरी होते. ज्याने पुस्तक सांगितले त्याने आपल्या मनाची एक खिडकी उघडी केलेली असते. तिच्याकडे पाठ करून निघून जाणे आपल्या रीतीत बसत नाही.

ही परतीची वाट रुंद करणारी माणसे आपल्या आजूबाजूला आहेत. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या योजनेत शंभर पुस्तकांची एक पेटी वाचकांच्या एका गटाकडे जाते, काही महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल होते, आणि या गटाने वाचलेले त्या गटाच्या हाती पडते. महाबळेश्वर-पाचगणीच्या परिसरातले भिलार २०१७ पासून पुस्तकांचे गाव झाले. स्ट्रॉबेरीच्या मळ्यांमधून चालत कुणाच्याही घरात शिरावे, पुस्तक काढावे आणि ओसरीवर बसून वाचावे, असा पाहुणचार तिथल्या घरांनी मांडला. आणि या लखलखीत उदाहरणांपलीकडे राज्यभर विखुरलेली हजारो सार्वजनिक ग्रंथालये आहेत. १९६७च्या ग्रंथालय कायद्याने त्यांना आधार दिला, पण तुटपुंज्या अनुदानावर आणि त्याहून तुटपुंज्या वेतनावर तिथली माणसे दिवा तेवत ठेवून आहेत. तिथल्या अभ्यासिका स्पर्धा परीक्षांच्या मुलामुलींनी भरलेल्या असतात, भिंतीपलीकडची कपाटे मात्र दिवसेंदिवस उघडत नाहीत. त्या कपाटांपर्यंत त्या मुलांना हाताला धरून नेणारे कुणी हवे. ग्रंथपाल एकटे पडले आहेत. ते काम आता आपणा वाचकांचे आहे.

आज सकाळी घरोघरी पाटीपूजन झाले असेल. एकाच्या आकड्यांनी रेखलेली सरस्वती आपण लहानपणी किती मन लावून काढत असू! एकाशेजारी एक, उभे आणि आडवे, आणि पाहता पाहता त्या एकांची देवी होई. सुटा एक हा नुसता आकडा असतो; एकाला एक लागत गेला, की त्याची सरस्वती होते, हे आपल्याला पाटीने तेव्हाच शिकवले होते. एक वाचक, त्याला लागून दुसरा, त्याला लागून तिसरा. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळाला; तो मान मोठा आहे. तो पेलायचा, तर ही एकाला एक जोडणारी रेघ तुटू द्यायची नाही.

तेव्हा आज संध्याकाळी सोने देताना प्रत्येकाच्या कानात एका पुस्तकाचे नाव सांगावे. आपण वाचलेल्या, आपल्याला हलवलेल्या पुस्तकाचे. त्या बदल्यात त्याच्याकडून एक नाव मागून घ्यावे, आणि शक्य तर ते आपल्या नेहमीच्या वेशीबाहेरचे असावे. रात्री पाहुणे गेले, की हातात उरलेली पाने गोळा करून टाकून देण्याआधी त्यांतले एक बाजूला ठेवावे. दिवाळीच्या सुटीत ते सांगितलेले पुस्तक आणावे आणि वाचता वाचता जिथे थांबू, तिथे ते आपट्याचे पान ठेवावे. पुढच्या दसऱ्याला तो माणूस पुन्हा दारात येईल, तेव्हा ते पान सुकून तपकिरी झालेले असेल, पुस्तकाच्या अखेरच्या पानांपर्यंत सरकलेले असेल. ते त्याच्या हातावर ठेवून त्याला सांगता यावे, की तुमचे सोने मी वाचले.